सांतियागोच्या कॅथेड्रलच्या एका दाराला दहा वर्षं कशाला लागली? (आणि गावच्या देवळाचा विषय)

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. प्रश्न विचारणाऱ्यांची मुलगी स्पेनमधला कामिनो (म्हणजे ख्रिस्ती यात्रेकरूंची जुनी पायी वाट) चालून सांतियागो दे कोम्पोस्तेलाला पोचली, तिथं तिला कळलं की कॅथेड्रलच्या नुसत्या एका प्रवेशदाराचं काम दहा वर्षांच्या आसपास चाललं होतं आणि त्यावर ६० लाख युरोच्या वर खर्च झाला. तर यांचं म्हणणं असं की आमच्या गावातलं देऊळ चार महिन्यांत सँडब्लास्ट करून, दरजांमध्ये सिमेंट भरून, वरून पारदर्शक कोटिंग मारून चकाचक झालं, मग या लोकांना एवढा वेळ कशाला लागतो, आणि एवढं करून मूर्त्यांवर रंग अजून अर्धवटच का दिसतो?

मी दगड आणि चुन्याच्या जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करतो, बरीच वर्षं झाली, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे. सरळ उत्तर आधी देऊन टाकतो. तुमच्या गावात चार महिन्यांत जे केलं ना, जवळपास तेच सांतियागोत विसाव्या शतकात कोणी ना कोणी चांगल्या मनाने करून ठेवलं होतं. दहा वर्षांतला मोठा भाग ते शोधण्यात, ते काढण्यात आणि पाणी नेमकं कुठून येतंय ते थांबवण्यात गेला. मूर्त्यांना हात लावायची वेळ त्यानंतर आली.

आता ही जागा काय आहे ते बघा. बांधकाम १०७५ ला सुरू झालं. पश्चिमेकडचा मुख्य दरवाजा म्हणजे पोर्तिको दे ला ग्लोरिया, तो मास्टर मातेओ नावाच्या कारागिराने केला. ११६८ मध्ये राजा दुसऱ्या फेर्नांदोने त्याला या कामासाठी आयुष्यभराचं मानधन बांधून दिलं, आणि दारावरच्या आडव्या दगडांवर तारीख कोरलेली आहे, १ एप्रिल ११८८. तीन कमानी, दोनशेच्या वर आकृत्या, मधोमध ख्रिस्त, वरच्या कमानीत बायबलमधले चोवीस वृद्ध आपापली वाद्यं घेऊन बसलेत, त्यातले मधले दोघं मिळून एकच वाद्य वाजवतात (ऑर्गानिस्ट्रुम, एकजण दांडा फिरवतो, दुसरा पट्ट्या ओढतो), आणि एका बाजूला बायबलमधला दानिएल संदेष्टा चक्क हसतोय. हे सगळं मुख्यतः ग्रॅनाइटमध्ये, आणि सगळं रंगवलेलं. हे लोकांना माहीत नसतं, मध्ययुगीन चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर राखाडी दगड येतो, पण मुळात ती झगमगती रंगीत वस्तू होती, सोन्याचा वर्ख आणि निळ्यासाठी लाजवर्द म्हणजे लॅपिस लाझुली. हा दगड तेव्हा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा, अजिंठ्याच्या चित्रांतला निळाही लाजवर्दाचाच. तेवढ्या लांबून आणलेला रंग त्यांनी दारावर लावला, यावरून त्या दाराची किंमत त्यांच्या लेखी काय होती ते समजा.

मग १७३८ ते १७५० मध्ये फेर्नांदो दे कासास नोव्होआ याने या दाराच्या पुढे आज फोटोत दिसतो तो ओब्रादोइरो चौकाकडचा बरोक (भरगच्च नक्षीच्या शैलीचा) दर्शनी भाग उभा केला, दोन्हीकडे उंच टॉवर, मध्ये मोठ्या काचा. त्यामुळे पोर्तिको घरात आला, ऊनपावसापासून वाचला. इथपर्यंत छान. पण त्या टॉवरांच्या सांध्यातून आत शिरणारं पाणी खाली उतरून शेवटी कुठं जाणार, तर बरोबर पोर्तिकोच्या माथ्यावर. म्हणजे ज्या गोष्टीने दार वाचलं त्याच गोष्टीच्या पोटातून दाराला ओल मिळत राहिली.

आणि पाऊस किती, तर सांतियागोत वर्षाला साधारण १८०० मिलिमीटर पडतो. मुंबईत त्याहून जास्त पडतो हे खरं, पण आपला चार महिन्यांत कोसळतो आणि मग आठ महिने भिंतींना वाळायला मिळतात. गालिसियात, म्हणजे सांतियागोच्या प्रांतात, बारा महिने अधूनमधून रिपरिप असते. दगडाला वाळायची संधीच मिळत नाही, म्हणून टॉवरवर शेवाळ, गवत, दगडफूल यांचं राज्य. (दगडफूल म्हणजे आपण मसाल्यात घालतो तेच लायकेन, नुसतं दिसायला निरुपद्रवी असतं, पण त्याची मुळंवजा तंतू ग्रॅनाइटच्या कणांमध्ये शिरतात आणि कण सैल करतात, त्यामुळे ते खरवडून काढलं की दगडाचा पापुद्राही सोबत येतो. आधी ते मारायचं, वाळू द्यायचं आणि मगच मऊ ब्रशने काढायचं. घाई इथूनच नडायला लागते.)

आता सिमेंट. यावर मी थांबणार आहे कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा हाच आहे.

जुन्या भिंतीत दगड आणि दगड यांच्यामध्ये चुना असतो. चुना दगडापेक्षा मऊ असतो, सच्छिद्र असतो, भिंतीतली ओल त्याच्यातून बाहेर पडते. ओलीबरोबर क्षार येतात, पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच स्फटिक होऊन बसतात. आपण म्हणतो ना भिंतीला लोणा लागलाय, तेच. हे स्फटिक वाढताना भोवतालचं मटेरियल फोडतात. जोपर्यंत हे चुन्याच्या दरजेत होतंय तोपर्यंत काही बिघडत नाही, दरज पन्नास-शंभर वर्षांनी भुसभुशीत होते, गवंडी येतो, खरवडतो, परत चुना भरतो. ती दरज मरण्यासाठीच असते, दगड वाचावा म्हणून. त्या जागी सिमेंट भरलं की सगळं उलटं होतं. सिमेंट दगडाइतकं किंवा त्याहून कडक, वाफ जवळपास जाऊ देत नाही, वर स्वतःचे क्षार घेऊन येतं. म्हणजे प्लॅस्टिकचा रेनकोट घालून डोंगर चढल्यावर बाहेरून कोरडे आणि आतून घामाने चिंब अशी भिंतीची अवस्था होते. ओलीला दरजेतून वाट नाही म्हटल्यावर ती दगडातून वाट काढते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाच्या खाली एखाद मिलिमीटरवर साठतात आणि दगडाचा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. मग पाचदहा वर्षांनी एक विचित्र दृश्य दिसतं, सिमेंटची दरज जशीच्या तशी पुढे आलेली आणि दगड आत झिजलेला. कुठल्याही जुन्या देवळात, वाड्यात, किल्ल्यावर जा आणि दुरुस्त केलेल्या भागाकडे बघा, दिसतंच.

आणि हे सगळं जर रंगवलेल्या दगडावर होत असेल तर? क्षार रंगाच्या मागे स्फटिक होतात, रंगाचे पोपडे सुटतात आणि पडतात. पोर्तिकोमध्ये हेच चालू होतं. छतातून, टॉवरमधून पाझरणारं पाणी, दमट हवेचं गार दगडावर होणारं दव, आणि आधीच्या दुरुस्त्यांमधलं सिमेंट. त्यात वर्षाला लाखोंनी माणसं येणार, त्यांचा श्वास, ओले रेनकोट, उघडी दारं. २०१९ साली यात्रा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र घेणारेच ३ लाख ४७ हजार होते, २०२४ पर्यंत हा आकडा ५ लाखांच्या जवळ गेला, आणि नुसते पर्यटक म्हणून येणारे यात धरलेले नाहीत.

म्हणून क्रम असा लागतो. आधी मोजणी. सगळ्या दाराचं थ्रीडी स्कॅनिंग, प्रत्येक भेग आणि पोपडा नकाशावर. मग सेन्सर लावून तापमान आणि दमटपणा मोजत बसायचं, आणि ते वर्षभर तरी मोजायला लागतं, कारण उन्हाळ्यात कोरडी दिसणारी भिंत फेब्रुवारीत काय करते ते फेब्रुवारीतच कळतं, त्याला शॉर्टकट नाही. ट्रस्टींना किंवा सरकारी ऑफिसला हे समजावणं हा माझ्या धंद्यातला सगळ्यात दमवणारा भाग आहे, कारण त्या वर्षात दाखवायला काहीच नसतं, परांची उभी असते आणि लोक विचारतात की काम कधी सुरू होणार. अहो, कामच चालू आहे.

मग पाण्याचा बंदोबस्त. वरचं छप्पर, टॉवर, पन्हळी. सांतियागोचं छप्पर हा एक वेगळाच मामला आहे, ग्रॅनाइटच्या पायऱ्या-पायऱ्यांचं आहे, त्यावर चालता येतं. मध्ये काही शतकं त्यावर कौलं होती, विसाव्या शतकाच्या मध्यात मूळ रूप दाखवायचं म्हणून कौलं काढली. दिसायला अप्रतिम, पण दगडी पायऱ्यांच्या प्रत्येक सांध्यातून पाणी आत जायची सोय झाली. मला स्वतःला ते छप्पर उघडं बघायला आवडतं हे कबूल, पण ज्या देशात बारा महिने पाऊस आहे तिथं कौलं कोणीतरी विचार करूनच घातली होती, आणि असला निर्णय घेतला की पुढच्या पिढ्यांना सांधे सांभाळत बसावं लागतं.

टॉवरांचं काम म्हणजे एकेक दगड तपासणं. अशा बरोक टॉवरमध्ये दगडांना दगड जोडायला लोखंडी पट्ट्या आणि खुंट्या ठोकलेल्या असतात, पाणी लागलं की त्या गंजतात, गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि आतून दगड फोडतो. मोठा नक्षीकाम केलेला दगड खालून बघताना ठणठणीत वाटतो आणि जवळ जाऊन लाकडी हातोडीने टकटक केलं की पोकळ आवाज येतो. तुम्हाला वाटेल की एवढं काय घाबरायचं, तर याच कामिनोवर बुर्गोसच्या कॅथेड्रलमध्ये ऑगस्ट १९९४ मध्ये उत्तरेकडच्या टॉवरवरून संत लोरेन्झोचा दगडी पुतळा खाली कोसळला, कोणी खाली नव्हतं म्हणून निभावलं, आणि त्यानंतरच तिथलं मोठं काम हाती घेतलं गेलं. गंजलेलं लोखंड काढायचं, त्या जागी न गंजणारा धातू, सिमेंट छिन्नीने हळूहळू खरवडून दरजा परत चुन्याच्या. मशीन लावून सिमेंट काढता येत नाही कारण दगडाच्या कडा फुटतात. हाताने दिवसाला किती सरकणार तुम्हीच सांगा.

हे सगळं झाल्यावर मूर्त्या. इथं पन्नास हजारांहून जास्त तास गेलेत, आणि ते कसे जातात ते सांगतो. समजा दानिएलच्या गालावर रंगाचा पोपडा सुटलाय, नखाएवढा. आधी त्याच्या कडेवर जपानी कागदाचा बारीक तुकडा ठेवायचा, म्हणजे तो पडणार नाही. मग अगदी बारीक सुईने पोपड्याच्या मागे चिकटवणारं द्रव्य सोडायचं, हलकेच दाबून बसवायचं, वाळू द्यायचं. मग कागद ओलसर करून काढायचा. मग त्यावरची काजळी आणि धूळ कापसाच्या बोळ्याने, लाकडी काडीने, कुठं छोट्या स्काल्पेलने भिंगाखाली काढायची. आजूबाजूला क्षार असतील तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेला कागदाचा लगदा थापून ठेवायचा, तो सुकताना क्षार ओढून घेतो, मग तो काढायचा, त्यातले क्षार मोजायचे, अजून असतील तर परत थापायचा. हा एक गाल झाला. सँडब्लास्टने हाच गाल अर्ध्या मिनिटात स्वच्छ होतो, आणि आठशे वर्षांचा रंग आणि छिन्नीची शेवटची फिरत दोन्ही जमिनीवर वाळूबरोबर पडलेली असतात.

रंग अर्धवट का दिसतो, हा तुमच्या मुलीचा प्रश्न मला फार आवडला, कारण बघणारे बरेच जण हे विचारतही नाहीत. रंगाचे नमुने घेतात टाचणीच्या टोकाएवढे, ते आडवे कापून मायक्रोस्कोपखाली बघितले की थरावर थर दिसतात. पोर्तिकोवर तीन मोठे टप्पे सापडले. पहिला मातेओच्या काळातला, लाजवर्द आणि सोनं. दुसरा सोळाव्या शतकातला, त्यात वस्त्रांवर उठावाचं जरीसारखं काम आहे. तिसरा सतराव्या शतकातला. आणि हे एका ठिकाणी सलग नाहीत, कुठं पहिला टिकलाय, कुठं फक्त तिसरा, कुठं दगड उघडा. आता काय करायचं? वरचे दोन थर काढून फक्त बाराव्या शतकाचं दाखवायचं? म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचं काम मी माझ्या अधिकारात पुसून टाकायचं. की सगळं नव्याने रंगवून टाकायचं? म्हणजे मग तो मातेओ राहत नाही, २०१८ चा पेंटर होतो. त्यांनी ठरवलं की जे आहे ते सगळे थर जसेच्या तसे ठेवायचे, पक्के करायचे, स्वच्छ करायचे आणि नवीन रंग भरायचा नाही. म्हणून तुकड्या-तुकड्यांत दिसतं. मला हा निर्णय शंभर टक्के बरोबर वाटतो. पुढं कधी यापेक्षा चांगली साधनं आली तर त्यांना अभ्यासायला मूळ वस्तू शिल्लक आहे.

याच्या उलट फ्रान्समधलं शार्त्रचं कॅथेड्रल बघा, तेही यात्रेचंच ठिकाण. तिथं आतल्या भिंती साफ करून मध्ययुगीन फिकट रंगलेपाप्रमाणे उजळल्या. भिंतींचं मी समजू शकतो, कारण खाली जुना लेप बऱ्याच ठिकाणी शाबूत सापडला होता. पण तिथली मेरीची जी काळी मूर्ती होती, जिच्यापुढे लोक पिढ्यानपिढ्या काळी माता म्हणून हात जोडत होते, तीही गोरी केली. ती काजळीने काळी झाली होती की मुद्दाम, हा वाद इतिहासकार घालतील, पण भाविकांच्या मनातली मूर्ती काळी होती, आणि माझ्या मते ती तशीच राहायला हवी होती. वय हाही त्या वस्तूचा भाग आहे.

पोर्तिकोवरचा रंग आणखी एका कारणाने गेला. १८६६ मध्ये लंडनच्या म्युझियमसाठी दोमेनिको ब्रुच्चियानी नावाच्या माणसाने या अख्ख्या दाराचे साचे घेतले, प्लास्टरची प्रतिकृती बनवायला. साचा दगडावरून सोडवताना रंगाचे तुकडे सोबत गेले. ती प्रतिकृती आजही व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये उभी आहे, पूर्ण आकाराची. लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांनी जाऊन जरूर बघा, स्पेनला जायची गरज नाही, आणि नाकासमोर उभं राहून बघता येतं.

आता आतल्या भागाचं थोडक्यात. पोर्तिको २०१८ मध्ये खुला झाला, त्यानंतर २०१९ च्या सुरुवातीपासून कॅथेड्रलच्या आतलं काम घेतलं आणि यात्रेकरूंसाठी रोज होणारी मिस्सा (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) गावातल्या दुसऱ्या चर्चमध्ये हलवली. लोक सातशे-आठशे किलोमीटर चालून येत होते आणि आत परांच्यांचं जंगल, बोताफुमेइरो म्हणजे ते पन्नास किलोहून जड धुपाटणं, आठ जण दोर ओढून झुलवतात ते, बंद. वाईट वाटणारच. पण इथं डेडलाइन होती. २५ जुलै हा संत याकोबाचा (ज्याच्यासाठी ही यात्रा आहे त्या संताचा) दिवस ज्या वर्षी रविवारी येतो ते त्यांचं पवित्र वर्ष, २०२१ तसं होतं, त्याच्या आत उरकायलाच हवं होतं. २०२० संपता संपता चर्च उघडलं, वेदीवरचं सतराव्या शतकातलं लाकडी मेघडंबरीसारखं छत्र मेणबत्त्यांच्या काजळीने काळंठिक्कर पडलेलं होतं, ते सोन्याने परत लखलखायला लागलं. नंतर कोविडमुळे पोपनी ते वर्ष २०२२ पर्यंत वाढवलं.

डेडलाइन ही यात्रेच्या ठिकाणी कायमची डोकेदुखी असते आणि तिच्यामुळेच जास्तीत जास्त सिमेंट वापरलं जातं असं माझं स्पष्ट मत आहे. चुना घट्ट व्हायला हवा लागते, ओलावा लागतो, आठवडे लागतात. एका ठिकाणी आम्हाला सांगितलं गेलं की उत्सव तीन आठवड्यांवर आलाय, चुन्यात थोडं सिमेंट घाला म्हणजे लवकर सेट होईल. "थोडं" सिमेंट घातलेला चुना हा ना चुना राहतो ना सिमेंट होतो. आम्ही तो भाग कापड लावून झाकला, उत्सव झाल्यावर काम केलं, लोकांनी काही तक्रार केली नाही, उलट विचारपूस केली.

याच विषयावर वितोरिया-गास्तेइसच्या सांता मारिया कॅथेड्रलचं नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही. हे कामिनोच्या बास्क प्रदेशातून जाणाऱ्या वाटेवर आहे. तिथं १९६० च्या दशकात "मूळ रूप" आणायच्या नादात खिडक्या मोठ्या केल्या आणि नंतरच्या काळात आधारासाठी घातलेलं काही बांधकाम काढलं. पुरातन नाही म्हणून काढलं, पण ते इमारतीला धरून उभं होतं हे लक्षात घेतलं नाही. भेगा इतक्या वाढल्या की १९९४ ला चर्च बंद करावं लागलं. मग त्यांनी उत्खननवाले आणि वास्तुरचनाकार एकत्र बसवले, भिंतींचे थर जमिनीच्या थरांसारखे वाचले, कुठला दगड कधीचा, कुठली भिंत कधी कलली. खाली खणताना गास्तेइस गावाची मूळ वस्ती सापडली. आणि २००० पासून लोकांना हेल्मेट घालून आत यायला दिलं, पाटी लावली "अबिएर्तो पोर ओब्रास", काम चालू असल्यामुळे उघडं आहे. गावकऱ्यांना दर महिन्याला काय चाललंय ते डोळ्यांनी दिसत होतं, त्यामुळे वर्षं लागली तरी कोणी ओरडलं नाही. आपल्याकडे हिरवं कापड लावून "प्रवेश बंद" लिहितात आणि मग अफवा सुरू होतात. प्रार्थनेसाठी ते चर्च २०१४ ला परत उघडलं.

स्पर्शाचा मुद्दा राहिला. पोर्तिकोच्या मधल्या खांबावर येशूच्या वंशवृक्षाचं कोरीवकाम आहे, चालून आलेला प्रत्येक जण तिथं हात टेकायचा, शेकडो वर्षं, इतका की संगमरवरात पाच बोटांचे खड्डे पडलेत. आत पाठमोरी एक गुडघे टेकलेली मूर्ती आहे, ती मातेओचीच असं मानतात, तिच्या डोक्यावर डोकं आपटलं की अक्कल येते म्हणून विद्यार्थी टकरा घ्यायचे. आता दोन्ही बंद. हात लावू देत नाहीत, आणि पोर्तिको आता तिकीट काढून, छोट्या छोट्या गटांनी, ठरलेल्या वेळेत बघायचा.

हात लावणं बंद केलं ते बरोबरच केलं. आपल्याला पंढरपुरामुळे हा पेच नवा नाही, विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवायचं नाही असं कोणी वारकऱ्याला सांगू शकत नाही, म्हणून मूर्ती झिजते आणि वज्रलेप करावा लागतो. तिथं देव समोर आहे, पदस्पर्श हेच दर्शन आहे, त्यामुळे तो निर्णय वेगळा होतो. खांबाच्या बाबतीत श्रद्धा थोडी बाजूला सरकू शकते. पण तिकिटाबद्दल मात्र माझं मन तयार होत नाही. ते दार आहे, आणि दारातून आत येणं हा त्या यात्रेचा शेवट होता. महिनाभर चालून आलेल्या माणसाला बाजूच्या दरवाजाने आत घ्यायचं आणि मुख्य दार म्युझियममध्ये टाकायचं, हे हवेतल्या दमटपणाच्या हिशोबाने योग्य असेल, पण ज्याच्या हातात यात्रेचं प्रमाणपत्र आहे त्याला त्या दिवशी गटात घालून फुकट तरी सोडायला हवं. पंचवीसएक माणसं पाच मिनिटं मूक उभी राहिल्याने सेन्सरवर काही भयंकर फरक पडणार नाही.

गोव्याचं सांगतो, कारण हाच सगळा प्रकार तुम्हाला दोन तासांच्या विमानाच्या आत बघायला मिळेल. ओल्ड गोव्यात बॉम जेझूस बॅसिलिका, संत फ्रान्सिस झेवियरचं शव तिथं आहे, दर दहा वर्षांनी होणारं दर्शन २०२४-२५ मध्ये झालं तेव्हा लाखो लोक आले. ही इमारत जांभ्याची, पुढच्या नक्षीचा काळा दगड वसईकडचा. मुळात सगळ्या भिंतींवर बाहेरून चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगालहून आलेल्या एका वास्तुरचनाकाराने तो काढून टाकला, जांभा उघडा जास्त पुरातन दिसतो म्हणून. आता पोस्टकार्डवर जी लालसर बॅसिलिका दिसते ती त्या काळातली फॅशन आहे. जांभा किती पाणी पितो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, दरवर्षीच्या पावसात ती भिंत झिजतेय, आणि गिलावा परत करायचा की नाही यावर वर्षानुवर्षं चर्चा चालू आहे, कारण लोकांना आता तीच लाल भिंत "खरी" वाटते. रस्ता ओलांडला की समोर सी कॅथेड्रल, पांढरा गिलावा केलेलं. एकाच पावसात उभ्या असलेल्या या दोन भिंती जवळ जाऊन बघा, जांभ्याच्या भिंतीवरून बोट फिरवलं तर लाल पूड हाताला येते.

बॉम जेझूसला चुन्याचा गिलावा परत द्यायला हवा, माझं मत पक्कं आहे.

आता तुमच्या गावचं देऊळ. सँडब्लास्ट झालाय, तो परत घेता येत नाही. पण सिमेंट आणि कोटिंगबद्दल अजून वेळ गेलेली नाही. येत्या पावसाळ्यात दर आठवड्याला एकाच वेळी, त्याच त्याच जागांचे फोटो काढा, आतून आणि बाहेरून, तारीख टाकून ठेवा. पाऊस थांबल्यावर दिवाळीपर्यंत बघा की पांढरी पूड कुठं येतेय, दरजेवर की दगडावर. दगडावर आणि कोटिंगच्या खाली फुगे किंवा पापुद्रे दिसले तर दुसरा थर मारू देऊ नका, दुकानदार तेच सुचवेल. छपरावर चढून पन्हळी साफ आहेत का, शिखराच्या सांध्यात पिंपळ आलाय का ते बघा, पिंपळ उपटू नका, बुंध्याशी कापा आणि मुळं मरू द्या. देवळाभोवती जोत्याला लागून काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक टाकले असतील तर भिंतीपासून हात-दीड हात पट्टा उखडून तिथं खडी भरा, जमिनीतली ओल भिंतीत चढण्याऐवजी तिथून बाहेर निघेल, हे एक काम जवळपास फुकटात होतं आणि सगळ्यात जास्त फरक पाडतं. दरजा काढायच्याच ठरल्या तर पाथरवट हाताने काढणारा शोधा, ग्राइंडरवाला नको. आणि चुना भिजवून निदान महिनाभर पाण्याखाली ठेवलेला आहे का ते स्वतः टाकीत हात घालून बघा, चांगला मुरलेला चुना लोण्यासारखा लागतो, खडे लागले तर परत पाठवा.

मुलगी परत जाणार असेल तर २०२७ हे पुढचं पवित्र वर्ष आहे, गर्दी भयंकर असेल, पोर्तिकोचं आणि छपराचं बुकिंग दोन्ही आधीच करून ठेवायला सांगा, आणि छपरावर गेल्यावर टॉवरच्या दरजा जवळून बघायला सांगा, कुठला चुना नवा आणि कुठला जुना ते अजून ओळखू येईल. फोटो इथं टाकलेत तर मी सांगेन काय काय दिसतंय.